कागदाला ओल नको

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत. हात स्थिर, बोलणं कमी आणि खूळ एकच: एका जुन्या स्पॅनिश चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर छापलेली बैलझुंजीची चित्रं. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोहोचलेला हा माणूस चित्रांच्या लिलावाला मात्र पहाटे जाऊन बसायचा. गल्लीत त्यांना बैलोबा म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

घर दोन खोल्यांचं. कोरडी भिंत फक्त निजायच्या खोलीत, म्हणून सगळे बैल तिथेच. ताईच्या उशाशी लटकलेलं चित्र मला बघवत नसे. त्यात बैल मैदान सोडून प्रेक्षकांत चढलाय आणि एकजण शिंगांवर लोंबकळतोय. तो बिचारा नुसता बघायला आला होता, असं ताई एकदा म्हणाली. भाऊजींनी फक्त काच पुसली.

त्या थंडीत धुकं पडायला लागलं आणि एका कागदावर बुरशीचा ठिपका दिसला. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली चिंध्या कोंबल्या आणि हवा कोरडी राहावी म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली. खिडकीला हात लावायचा नाही, असं ताईला बजावलं.

ताईचं डोकं ठणकू लागलं. सकाळी ती भिंत धरून चालायची. मी म्हटलं, भाऊजी, हा जिवाशी खेळ आहे. तर म्हणाले, तिचं डोकं लहानपणापासूनच दुखतं. हे मला, तिच्या सख्ख्या भावाला! तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेगडी उचलून बाहेर ओतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेटलेली होती.

तेव्हापासून कामावर जाताना मी रोज त्यांचं दार वाजवायचो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी कुणी दार उघडेना. शेजाऱ्याला घेऊन मी ते तोडलं. भाऊजी खाटेवर निपचित. ताई खिडकीखाली पडलेली, मुठीत फाटकी चिकटपट्टी. खिडकी वीतभर उघडी होती आणि धुकं आत येत होतं. तेवढ्या फटीने दोघं वाचले, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी दवाखान्यात भाऊजींनी डोळे उघडले. ओठ हलले तसा मी कान जवळ नेला.

"खिडकी कुणी उघडली?"

"मी उघडली," शेजारच्या खाटेवरून ताई म्हणाली. "आता तुम्ही आणि तुमचे बैल. मी याच्याबरोबर जाते."