सरकी अडकलेला नवसाचा कोंबडा

मैत्रिणींनो, आज सकाळी खुराडं उघडलं तर आमचा कोंबडा मान टाकून बसलेला. त्याच्या गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट लागली. अंगणात वाळत घातलेल्या कापसातली सरकी त्याने रुईसकट गिळली होती.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, घाबरल्या. माझ्या लेकाचा ताप उतरावा म्हणून त्यांनी हाच कोंबडा देवीला बोलला होता, आणि ताप उतरलाही होता. दुखणाईत कोंबडा देवीला चालत नाही.

“त्याले उलटा धर वं, बठ्ठी सरकी बाहेर पडी!”

“नको अक्का, श्वास कोंडेल त्याचा.”

मी दाणे बंद केले. कोमट पाणी आणि तिळाचं तेल थेंब थेंब पाजलं, त्याला मांडीवर घेऊन पिशवी हलक्या हाताने चोळत राहिले. संध्याकाळी गाठ विरली आणि तो चक्क आरवला.

“वाचना! आते देवीले चाली,” अक्का खुश झाल्या.

“देवीला नारळ देऊ. हा मी देणार नाही.”

“नवस बोलेल शे ना!”

“मग देवीला मी सांगते.”

शेवटी कोंबड्यापुढे पाण्याची वाटी अक्कांनीच ठेवली.

दिवसभर ज्याचा जीव मांडीवर धडधडला, त्याला सुरीखाली द्यायला तुमचा हात धजला असता का?