एकदा माणूस झेललेला बेल्ट

कोरेगाव भीमात सेफ्टी बेल्ट विकणारे मामा आधी बेल्ट दाखवत नाहीत. ‘‘किती उंचावर चढणार? हूक कशात अडकवणार? दोर त्यावर ठरतो,’’ म्हणतात आणि माणसाकडं बघत राहतात. मी पत्र्याच्या शेडची कामं करतो. या चौकशीला वैतागून मी उंची काहीतरी सांगून मोकळा व्हायचो.

परवा शेडवरून माझा पाय सटकला आणि त्यांच्याच बेल्टनं मला धरलं. तो घेऊन मी दुकानात गेलो. ‘‘बघा मामा, एक टाका उसवला न्हाई!’’

मामांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, कात्री घेतली आणि पट्टे कापून टाकले. ‘‘एकदा माणूस झेललाय ह्यानं. आता ह्याचा भरवसा न्हाई.’’

मग नेहमीसारखंच विचारलं, ‘‘किती उंचावर चढणार?’’

या वेळी मी खरी उंची सांगितली.