पांढरकवड्यात मी तोंड उघडलं नाही

आमच्या घरात वास मारणारं तोंड एकच आहे आणि ते माझ्या नवऱ्याचं आहे, याबद्दल मला लग्नापासून कधी शंका नव्हती. माणूस खर्रा खातो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून खातो. मी खात नाही. मग प्रश्नच कुठे येतो? (हिरड्यांतून अधूनमधून रक्त यायचं. पण दाताचा डॉक्टर खर्रेवाल्यांसाठी असतो, माझ्यासारख्या सोज्वळ बाईसाठी नाही, असं माझं ठाम मत होतं.)

त्या दिवशी आम्ही यवतमाळहून पांढरकवड्याला निघालो होतो, लेकीच्या, रेणूच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला. मुलगा चांगला. घरच्यांना एकच खोड, सुनेनं नोकरी करायची नाही! रेणू बँकेत आहे, रात्रंदिवस अभ्यास करून लागलेली. माझी नुसती आगआग होत होती. त्यांच्या बैठकीत बसून तोंडावर सांगायचं, पोरगी नोकरी सोडणार नाही, पटत असेल तर पाहा, नाही तर राम राम! सोमवारचा कडक उपास, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि मी मागच्या सीटवरून पुढे वाकून हे भाषण पाठ करत होते.

गाडी रेणू चालवत होती. अर्ध्या रस्त्यात तिनं ओढणी नाकाशी नेली आणि काच खाली केली. माझं डोकंच सटकलं.

"आज तरी खर्रा खाऊ नका म्हटलं होतं ना तुम्हाले?"

"नाही खाल्ला ना वं," हे म्हणाले. "सकाळपासून नाही खाल्ला."

"मंग हा वास काय माह्या तोंडाचा हाय?"

हे खिडकीबाहेर पाहू लागले. मला ती ह्यांची कबुली वाटली. पुढच्या एसटी थांब्यावर मी गाडी थांबवायला लावली. "उतरा. तोंड धुवा अन् एसटीनं या." हे खाली मान घालून उतरले. थांब्याला लागूनच पानठेला होता, हे रागाच्या भरात मला दिसलं नाही.

गाडी सुटली, मी पुन्हा पुढे वाकले, भाषण सुरू. ओढणी पुन्हा नाकावर!

"त्याईचा वास सीटलेच चिकटला," मी म्हणाले.

"आई," रेणू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा उतरले. वास गाडीतच हाय. तू बोलली की येते."

"अन् हे तू मले आता सांगून राह्यली?"

"आधी सांगतलं असतं तं तू ऐकलं असतं काय?"

इतका संताप मला जन्मात आला नव्हता, आणि तो काढायचा तर तोंड उघडावं लागणार!

पांढरकवड्यात मुलाच्या आईनं मला हात धरून आपल्या शेजारी बसवलं, अगदी खांद्याला खांदा लावून. मी तोंडाला पदर लावला तो लावलाच. तेवढ्यात एसटीनं हे आले. गाल टम्म फुगलेला.

"नोकरीचं काय मंग, इहीनबाई?" मुलाच्या आईनं विचारलं. "आमच्याकडं तं सुना नोकरी नाही करत."

भाषण ओठांपर्यंत आलं. मी पदर आणखी घट्ट धरला आणि ह्यांच्याकडे पाहून डोळे वटारले. ह्यांनी तोंड उघडलं, ओघळ हनुवटीकडे निघाला, तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली.

"म्हणजे आम्ही हो समजाचं?"

त्या घाबरगुंडीत ह्यांनी अख्खा खर्रा गिळला आणि त्यांना उचकी लागली.

शेवटी रेणूच बोलली. "काकू, नोकरी मी सोडत नाही. जमत असन तं पुढची गोष्ट करू."

मुलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, मग पदराआडच्या माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पोरगी तिखट हाय," ती नवऱ्याला म्हणाली, "पण खाण तशी माती. मायच्या तोंडातून शबुद नाही निघत. अशा गरीब बाईची पोरगी भांडून भांडून किती भांडन? करू द्या नोकरी."

तारीख निघाली. दुसऱ्याच दिवशी मी दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर आ वासून बसले. हिरड्या सुजलेल्या, दातांवर कीटण, जिभेवर थर, वर बिनपाण्याचा उपास. तोंड कोरडं पडलं की वास वाढतो म्हणे. "आपला वास आपल्याले येत नाही काकू, नाकाले सवय होऊन जाते," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळं खरवडून साफ केलं. आता मी रोज जीभ घासते, उपासालाही पाणी पिते. तोंड कसं लख्ख आहे!

आणि मुलाच्या आईचा रोज फोन येतो. हॉल त्यांच्या पसंतीचा, जेवण त्यांच्या पसंतीचं, मानपान त्यांच्याच हिशेबानं. "तुम्ही काय बाप्पा, गरीब मानूस, तुम्हाले सारं चालते." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोर रेणू ओठांवर बोट ठेवून उभी असते, लग्न लागेपर्यंत एक शब्द नाही. सांगण्यासारखं पोतंभर साठलंय, तोंडाला वास उरलेला नाही, फोनवर तर तो जातही नाही, आणि मी दात आवळून म्हणते, "हो, इहीनबाई."