घरातून गेलेला ढावलो

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात खताच्या दुकानाला लागून प्रेमदास राठोडचं ऑनलाइनचं दुकान आहे. पीक विम्याचे अर्ज, आधारची दुरुस्ती, निकालाच्या प्रती, असलं सगळं तिथं होतं. गिऱ्हाइकानं मोबाइल पुढे केला की प्रेमदास आधी दम भरतो, "ओटीपी मोठ्यानं वाचू नका. मला पण सांगू नका. तुमच्या हातानं टाका." म्हातारी माणसं वैतागतात, पण तो बधत नाही. पंचक्रोशीत त्याचं नाव आहे ते या कडकपणासाठी. आणि याच माणसानं एक दिवस स्वतःचा ओटीपी फोनवर खुशाल वाचून दाखवला, तोही हसत हसत. ते कसं झालं हे सांगायचं तर तांड्यापासून सुरुवात करावी लागेल.

प्रेमदासचा बंजारा तांडा गोरेगावच्या पलीकडे, सेनगावच्या रस्त्याला. लहानपणापासून त्याला गाण्यांचा नाद, गळा मात्र देवानं फाटका दिलेला. स्वतःला गाता येत नाही म्हणून तो दुसऱ्यांची गाणी मोबाइलवर धरून ठेवायचा. त्यातही त्याचा जीव होता ढावलोत. सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. चाल जुन्या बायकांकडून शिकायची, शब्द मात्र जिचे तिचे. आईचं नाव, भावाचं नाव, विहिरीचं, शेळ्यांचं, सगळ्यांची नावं घेऊन ती निरोप मागते. पण लग्नात डीजे आला आणि पोरी नुसत्याच रडायला लागल्या, गाईनात. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत बुडतंय, असं प्रेमदासला वाटलं, आणि त्यानं तांड्याच्या गाण्यांचं संकेतस्थळ काढायचं ठरवलं.

बायका तयार होईनात. आवाज एकदा बाहेर गेला की कुठं कुठं फिरेल, कुणाच्या तोंडी लागेल, ही त्यांची धास्ती होती आणि ती काही खोटी नव्हती. तेव्हा प्रेमदासनं मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पिठाच्या डब्याशेजारी मांडला, घरच्या इंटरनेटला जोडला, आणि बायकांना बोलावून दाखवला. "गाणी ह्या डब्यात हायेत," तो म्हणाला. "जगात कुणीबी ऐकलं तरी इथूनच जातात. जिला नको वाटंल तिनं यावं, सांगावं. त्याच टायमाला तिचं गाणं बंद. काहून म्हणून मी विचारणार न्हाई."

बायकांनी डब्याला हात लावून पाहिला. गरम लागतो म्हणाल्या. मग एकेक जण गायला बसली.

त्यानं शब्द पाळलाही. पार्वतीबाईचं नणंदेशी वाजलं, तेव्हा ती तणतणत आली, "माह्या गाण्यात तिचं नाव हाय, बंद कर." प्रेमदासनं तिच्यासमोर बंद केलं. होळीला दोघींचं गूळपीठ झालं, तेव्हा ती परत आली, "लाव आता." त्यानं लावलं. त्याच्या घरात बायकांची ही ये-जा इतकी वाढली की बायको शिला चहाचं पातेलं उतरवायचंच विसरून गेली.

अडचण एकच होती, विजेची. तांड्याची लाइट गेली की संकेतस्थळही गेलं. ऊसतोडीला गेलेली माणसं तिकडं सांगलीच्या फडात संध्याकाळी गाणी लावून बसायची, आणि गाणं मधेच तुटलं की प्रेमदासला फोन यायचा, "लाइट गेली का रं तांड्यात?" एवढ्या लांबून तांड्याच्या विजेच्या डीपीची खबर ठेवणारी माणसं आणखी कुठं सापडायची नाहीत. प्रेमदासला या फोनचा त्रास व्हायचा, आणि खरं सांगायचं तर सुखही व्हायचं.

दिवाळीला देविदास आला. देविदास म्हणजे तांड्यातलाच, प्रेमदासचा आश्रमशाळेतला बेंचमित्र, पुण्यात सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीत. दोघांनी एका ताटात जेवून दिवस काढलेले. त्यानं तो कोपऱ्यातला डबा पाहिला आणि पोट धरून हसला. "अरे, उंदरानं वायर कुरतडली तर आपली अख्खी संस्कृती गेली," तो म्हणाला. "क्लाउडवर टाकू. तिथं लाइट जात न्हाई, मशीन बिघडत न्हाई. मी करून देतो सगळं. तू फक्त हो म्हण."

प्रेमदास हो म्हणायलाच बसला होता. शिला मात्र भाकरी थापता थापता बोलली, "डब्बा घरात हाय तवर बाया आपल्या घरी येतात. त्या क्लाउडवर त्यांनी कुणाकडं जायचं?"

"देविदास हाय ना," प्रेमदास म्हणाला.

सगळी गाणी वर चढायला दिवसभर लागला. मग संकेतस्थळाचं नाव घरच्या डब्याऐवजी क्लाउडला जोडायचं राहिलं होतं, आणि त्याला प्रेमदासचा ओटीपी लागायचा, कारण ते नाव प्रेमदासच्या नावावर होतं. देविदासचा पुण्याहून फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. "एक नंबर आला असंल बघ तुह्या मोबाइलवर. सांग बरं." प्रेमदासनं आकडे मोठ्यानं वाचले. समोर अर्ज भरायला बसलेला अमृतराव मास्तर म्हणाला, "आम्हाला दम देता आणि स्वतः हो?" प्रेमदास हसला. "घरचा माणूस हाय, मास्तर." घरच्या माणसापासून काय जपायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढचे काही महिने मजेत गेले. गाणी तुटेनात. जुना डबा बंद होऊन माळ्यावर गेला, त्या कोपऱ्यात शिलानं तांदळाची कोठी ठेवली. फडातून फोन येणं थांबलं. बायकाही येईनाशा झाल्या, कारण कुणाला काही बंद करायचं नव्हतं. प्रेमदासला घर जरा सुनं वाटायचं, पण काम चोख झालं म्हणून तो खूश होता.

मग मिना गेली.

मिना ही भिकाबाईची एकुलती एक मुलगी, देविदासची चुलत बहीण. डीजे यायच्या आधी झालेल्या तिच्या लग्नातला ढावलो प्रेमदासनं स्वतः उभं राहून धरला होता. त्यात तिनं आईला विचारलं होतं, मी गेल्यावर तुझ्या मागं पाणवठ्यावर कोण येईल, माझी शेळी कुणाला हाक मारेल. संकेतस्थळावर सगळ्यात जास्त ऐकला जायचा तो हाच. तिला कावीळ झाली, सासरच्यांनी आधी झाडपाल्यावर दिवस काढले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

दिवसकार्य उरकलं आणि भिकाबाई प्रेमदासच्या घरी आली. पदर तोंडाला लावून त्याच कोपऱ्यात, कोठीला टेकून बसली. शिलानं पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं.

"प्रेमदास, मिनाचं गाणं बंद कर," ती म्हणाली. "मला ऐकू वाटलं तं मी तुह्या घरी येईन, दार लावून ऐकीन. पर लोकायनं न्हाई ऐकायचं आता. ती रडली व्हती ते नांदायला जाताना. ते रडणं कुणाच्या करमणुकीला नको."

"आत्ता करतो, काकी," प्रेमदास म्हणाला आणि दुकानातला लॅपटॉप उघडून तिच्यासमोर बसला. पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. नवा पासवर्ड मागितला, तर तो कुठल्याशा दुसऱ्याच ईमेलवर गेला. भिकाबाई त्याच्या बोटांकडे बघत बसली होती. पार्वतीबाईचं गाणं कसं चुटकीसरशी बंद झालं होतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

"नेट स्लो हाय, काकी," तो म्हणाला. "उद्या सकाळी पहिलं हेच करतो."

भिकाबाई उठून गेली. शिलानं तिचं न प्यालेलं पाणी उचलून अंगणात ओतलं.

देविदास आधी म्हणाला, करतो. मग म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. मग फोन उचलेना. प्रेमदास मनाची समजूत घालत राहिला, मोठ्या कामाचा माणूस आहे, विसरला असेल. भिकाबाई रस्त्यात दिसली की तो दुसऱ्या बोळानं जायला लागला.

एके दिवशी सेनगावला जाताना जीपमध्ये शेजारच्या पोराच्या मोबाइलवर रील लागलं. पिवळ्या शालूतली कुणीतरी नवरी मानेला झटका देऊन हळूहळू वळतेय, मागं ढोलकीचा ठेका, आणि त्या ठेक्यावर मिनाचा आवाज. शेळीची ओळ तेवढी कापून पुन्हा पुन्हा फिरवलेली. पोरगं मान डोलावत होतं. "भारी हाय ना भाऊ? सगळे हेच टाकून राहिले आता." प्रेमदासनं तिथंच संकेतस्थळ उघडलं. पहिल्याच पानावर देविदासचा फोटो होता, कोट घातलेला. खाली लिहिलं होतं, संकल्पना आणि संकलन, देविदास राठोड. तांड्याचं नाव नव्हतं. प्रेमदासचं तर नव्हतंच. रीलवाल्यांना गाणी वापरायला देण्याची सोयही देविदासनंच करून ठेवली होती.

देविदास हिंगोलीला यायचा होता, एका सभागृहात त्याचा सत्कार होता. लोककलेचं जतन केलं म्हणून. प्रेमदास दुकान बंद करून गेला आणि मागच्या दारापाशी त्याला गाठलं. देविदासच्या गळ्यात शाल होती. त्यानं मिठी मारायला हात पुढे केले.

"मिनाचं काढ," प्रेमदास म्हणाला.

"काढून काय होणार? लोकाईच्या मोबाइलमध्ये गेलं ते. आता आमची संस्था हाय, पाच लोकांना विचारावं लागतं."

"मी काकीला शब्द दिला हाय."

"तू दिला. मी न्हाई दिला." देविदास शांतपणे बोलत होता, आवाजही चढला नव्हता. "तू स्वयंपाकघरात डबा ठेवून बसला व्हता, प्रेमदास. मी जगापुढं नेलं. आन् मिना माही चुलत बहीण व्हती. तुही कोण व्हती?"

आतून कुणीतरी देविदासला हाक मारली, तो शाल सावरत गेला. एका ताटात जेवलेला माणूस इतक्या सहज पाठ फिरवतो, हे प्रेमदास तिथं उभा राहून बघत होता. आपण फसलो, हे त्याला कळलंच. पण आपणच हातानं सगळं उचलून दिलं, हेही कळलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की आत जाऊन चार माणसांत भांडायचंही त्राण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो भिकाबाईच्या अंगणात गेला. ती सुपात तूर पाखडत होती. त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, नंबर वाचून दाखवला तेही, रीलचंही.

"आयकलं मी," भिकाबाई म्हणाली. "शेजारच्या खेमाच्या पोरीच्या मोबाइलवर वाजत व्हतं. मी मिनाला हाक मारीत भाईर आली." तिचे हात थांबले नाहीत. "मंग त्या दिशी नेट स्लो हाय काहून म्हणला?"

"माह्या हातात न्हाई, हे तोंडानं निघंना काकी. देविदासनं दगा दिला."

"देविदासला मी कवा सांगितलं व्हतं? त्याचा शब्द त्याच्यापाशी." तिनं सूप खाली ठेवलं. "मी तुला सांगितलं व्हतं."

एवढंच बोलून तिनं पुन्हा सूप उचललं. शिव्या दिल्या असत्या तर प्रेमदासनं पाय धरले असते. तो निघाला.

उन्हाळ्यात रूपसिंगच्या मुलीचं लग्न लागलं. रूपसिंग प्रेमदासच्या भावकीतला, त्यामुळे जाणं भागच होतं. प्रेमदासनं मोबाइल मुद्दाम घरी ठेवला, शर्टाचा खिसा रिकामा दिसावा म्हणून पेनसुद्धा काढून ठेवलं. दुपार कलली, डीजे थांबला, आणि पाठवणीच्या वेळी मुलगी आईच्या गळ्यात पडून गायला लागली. पुष्कळ वर्षांनी तांड्यात पाठवणीला कुणीतरी गात होतं. ही चाल तिला याच संकेतस्थळानं शिकवली, की आजीनं, देव जाणे. प्रेमदासला राहवलं नाही. तो मांडवातून उठून बायकांच्या घोळक्याकडे गेला, पूर्वी जायचा तसाच.

पार्वतीबाईनं त्याला आधी पाहिलं. तिनं नवरीच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. नवरीनं मान वर केली, प्रेमदासकडे पाहिलं, आणि गाणं थांबलं. ती नुसतीच रडायला लागली. भोवतालच्या बायका डोळे पुसत जमिनीकडे बघत राहिल्या. भिकाबाईही त्यांच्यात होती. कुणी त्याला जा म्हणालं नाही. रूपसिंगच्या बायकोनं तर खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना भाऊजी. सरबत आणू?"

"नको वहिनी," प्रेमदास म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय."

तो मांडवाच्या बाहेर पडून रस्त्याला लागला. दुकान त्या दिवशी बंदच होतं, आणि हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ओढ्यावरच्या मोरीजवळ पोचला तेव्हा मागून ढावलो पुन्हा सुरू झाला. प्रेमदासनं पाय उचलला, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत भरभर चालत राहिला.