गोठलेली लस

आमच्या तात्यांच्या डब्यात झोपायला कुणालाही जागा मिळायची, पण डब्यातल्या फ्रिजच्या दाराला हात लावायची मुभा कुणालाच नव्हती. सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांनाही नाही. एकदा काकूने दुधाचं पातेलं ठेवायला दार उघडलं, तर तात्या मेंढरं सोडून धावत आले. "काय पायजे ते मला सांगत जा," म्हणाले आणि पातेलं बाहेर काढून दार लावून टाकलं. दूध त्या दिवशी नासलं.

डबा म्हणजे जीपमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. कुणा हौशी माणसाने सहलींसाठी घेतलेलं ते गेवराईजवळ हायवेच्या कडेला भंगारात पडलं होतं. आमची मेंढरं दिवाळीनंतर कडा गावाकडून निघायची आणि माजलगावच्या बागायती मुलखात, ऊस तुटलेल्या रानांत बसायची. त्या भटकंतीसाठी तात्यांनी डबा आणला. आत दोन फळ्या, एक शेगडी आणि गॅसवर चालणारा छोटा फ्रिज. फ्रिज फक्त मेंढरांच्या लशीसाठी.

मुक्काम पडला की तात्या आधी चुलीचे दगड मांडत नसत, डब्याच्या चाकाखालचे दगड मांडत. गवंड्याची लेव्हलपट्टी लावून डबा सपाट करत, कारण तिरका उभा राहिला की तो फ्रिज गार होत नसे. मग दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघत. सहज निघाली तर रबर सैल झालं समजायचं. आत तापमापक टांगलेला. मागच्या पत्र्यावर बर्फाचा पांढरा थर दिसू लागला की लशीच्या बाटल्या थंड पेटीत हलवत, फ्रिज बंद करत आणि आत गरम पाण्याची वाटी ठेवून थर वितळवत. सुरीने खरवडू देत नसत. "गरम झाली तर लस मरती, गोठली तर बी मरती," ते म्हणत. "अन् मेलेली लस दिसती जित्यावाणीच. तिथंच माणूस फसतो."

ते एकदा फसले होते. पावसाच्या तोंडी आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सभापतींच्या रानात बसला होता. सभापती म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. पंचायत समितीचं पद गेलं तरी नाव तेच राहिलं होतं. ते पाहुण्यांना घेऊन मटणाच्या जेवणाला वाड्यावर आले. तात्या मेंढरांमागे होते. सभापतींनी फ्रिजमधली लस मागे पत्र्याला रेटली, पुढे दारूच्या बाटल्या लावल्या आणि लवकर गार व्हाव्यात म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं. जाताना बाटल्या नेल्या, बटण तसंच राहिलं. सकाळी तात्यांना लस बर्फ झालेली दिसली. तेव्हा त्यांना वाटायचं, जितकं गार तितकं चांगलं. त्यांनी ती उन्हात वितळवून सगळ्या मेंढरांना टोचली.

पाऊस पडला, कोवळं गवत आलं आणि मेंढरं मरायला लागली. लस ज्या रोगावरची होती त्याच रोगाने, चांगली खाती-पिती आधी. मान मागे टाकायची, पाय झाडायची, संपायची. जनावरांच्या डॉक्टरांनी उरलेली बाटली हलवून उजेडात धरली. आत पांढरे कण झरझर खाली बसले. "ही गोठली होती," ते म्हणाले.

तात्या सभापतींच्या बैठकीत गेले. मी बरोबर होतो. बैठक भरलेली होती.

"माझ्या चार बाटल्यांनी तुझी मेंढरं मेली व्हय बे?" सभापती म्हणाले. "कावून नाटक करतोस? जा, गोठ्यातला एक बोकड घेऊन जा." ते हसले, मग सगळी बैठक हसली.

"बोकड नको," तात्या म्हणाले. "हसला ते ध्यानात ठिवतो."

पुढे मला ते नेहमी सांगत, "बटण फिरवलं त्याचा राग न्हाई. येडेपणा मी बी केला. पण तो हसला."

निवडणूक आली, सभापती उभे राहिले, आणि तात्यांनी डबा बाहेर काढला. मी जीप चालवायचो. त्या भागात धनगरांचा एक वाडा, एक वस्ती आम्ही सोडली नाही. दवाखान्यातून लस आणायची, फ्रिजमध्ये जपायची, मेंढरांना टोचायची. काम झालं की तात्या दोन बाटल्या काढत, एक चांगली आणि एक ती, कण बसलेली. दोन्ही हलवून दाखवत आणि झालेलं सगळं सांगत, हसण्यासकट. "मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुमी बघा," एवढंच शेवटी.

सभापतींच्या कानावर गेलं. एका दुपारी ते स्वतः डब्याशी आले. तात्या उघड्या फ्रिजमध्ये लशीच्या बाटल्या लावत बसले होते.

"तात्या, चुकलो म्हणतो. मिटवून टाका."

"हितं कोण हाय ऐकायला? माझा पुतण्या. त्या दिशी बैठक भरली होती. तीच बैठक भरवा, तिथं म्हणा."

सभापती उंबऱ्यात घुटमळले. "तेवढं जमायचं न्हाई."

"मग जाताना डब्याचं दार लावून घ्या. गार हवा जाती."

सभापती पडले. वस्त्यांवरची मतं त्यांना मिळालीच नाहीत. निकालाच्या दिवशी तात्यांनी लस थंड पेटीत काढली, दारूच्या बाटल्या आणवून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि त्या घेऊन सभापतींच्या ओसरीवर गेले. माणसं खाली माना घालून बसली होती. "नीट गार झाल्यात साहेब," तात्या म्हणाले आणि मोठ्याने हसले. इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता राग निवेल. तो निवला नाही. शेवटच्या आजारपणात काकू पाय चेपता चेपता म्हणाली, "आता तरी माफ करा त्यांना. वर कशाला न्यायचं ते?"

"माफ करायचं ते मेंढरांनी," तात्या म्हणाले. "मी कोण?" त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

यंदा सभापतींचा मुलगा निवडणुकीला उभा आहे. परवा चार माणसं घेऊन माझ्या दारी आला. भिंतीवरच्या तात्यांच्या फोटोला हात जोडून म्हणाला, "लई थोर माणूस होता." मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, "तुमच्या घराचं अन् तात्यांचं काय झालतं, ठाव हाय?"

"न्हाई."

मग मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. बटण, बर्फ, लस, बैठक. त्याचा चहा निवला. मेंढरांपाशी आलो तेव्हा तात्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलेली मेलेल्या मेंढरांची नावं घेऊ लागलो: चांदी, काबरी, मोरी, लांबकानी, भुरी, भुरीचं कोकरू.

"भाऊ, पुढच्या गावाला उशीर होतोय," त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"बसा," मी म्हणालो. "अजून नावं संपली न्हाईत."