कबनूरच्या मैदानावरची रेघ

थांबा, हे आत्ताच सांगते. उद्या लिहायला बसले तर मी ते गोड करून टाकीन.

नाशिकहून निघाले तेव्हा भयंकर खूश होते. कबनूरच्या एका शाळेत नववीच्या पोरांना दोन दिवस मानवी हक्क शिकवायचे, तेही खेळातून! फळ्यावर कलमं लिहून द्यायची नाहीत, हे मी बसमध्ये शेजारच्या मावशींनासुद्धा सांगितलं. त्या झोपल्या.

कोल्हापूर स्टँडबाहेर मिसळ घेतली आणि पहिल्याच घासाला कटाची (मिसळीवरचा लाल जाळ रस्सा) वाटी माझ्या पाकिटावर आडवी. आत खेळाच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर एक खोटं माणूस: कलेक्टरची मुलगी, ऊसतोड कामगाराचा मुलगा, अंध गायिका. पोरांनी ते माणूस व्हायचं, मी प्रश्न विचारायचे, आणि उत्तर 'हो' असेल तर एक पाऊल पुढे. सगळ्याचा लगदा!

"ओ पावणं, कॉपी भिजली व्हय?" मिसळवाला म्हणाला. मीही हसले.

कबनूरला उतरले तर गल्लीगल्लीत यंत्रमागांची खडखड. आभाळ राखाडी, हवेत कापसाची धूळ. वर्गशिक्षक माने सर घ्यायला आले होते. चिठ्ठ्यांचं कळल्यावर म्हणाले, "मग खेळ उद्या घ्या की. नव्या लिहून काढू." मला दम कुठला! म्हटलं, पोरं स्वतःच स्वतः होतील. उलट जास्त खरं वाटेल.

मैदानावर फक्कीने रेघ मारली. घरी अभ्यासाला जागा आहे? पाऊल पुढे. घरात संडास आहे? पुढे. शाळा सुटल्यावर खेळायला मिळतं? पोरं दंगा करत पुढे. आणि मागे, रेघेवर, एकटी अंबिका. त्याआधी वर्गात माझ्या प्रत्येक प्रश्नाला पहिला हात वर करणारी.

"ए अंबे, तुमचा बंगला हाय म्हणतीस की!" एक पोरगी ओरडली. सगळे हसले.

मी टाळ्या वाजवल्या. "बघा, यालाच विषमता म्हणतात!" खरंच म्हणाले. तिच्याकडे बोट दाखवून.

दुसऱ्या दिवशी अंबिका आली नाही. माने सर मला तिच्या घरी घेऊन गेले. घर म्हणजे मागाच्या शेडचा कोपरा, पत्र्याआड चूल. आई कांड्या (मागाला लागणारी दोऱ्याची बारीक रिळं) भरत होती. शेजारी अंबिकाही.

"शाळा नगं म्हणत्या," आई ओरडून म्हणाली. "म्या पाठवायला तयार हाय. काल काय शिकीवलं वो तिथं?"

"हक्क," मी म्हणाले. मागांच्या खडखडाटात तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडायची मला लाज वाटली.

अंबिकाजवळ बसून माफी मागितली. तिने कांडीवरची नजर काढली नाही. "मॅडम, चार वर्षं कुणाला म्हाईत न्हवतं. तुमी इचारलासा आन् मी खोटं बोललो न्हाय, एवढंच चुकलं."

"येईल हळूहळू," स्टँडवर सोडताना सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

परतीच्या बसमध्ये पाकीट उघडलं. चिठ्ठ्या वाळून एकमेकींना चिकटल्या होत्या. ती खोटी माणसं पोरांच्या अंगावरचं पांघरूण होती, हे मला इतक्या उशिरा कळलं. प्रशिक्षणात मला हा खेळ शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलंही असेल. मी तेव्हा बहुतेक भराभर टिपणं काढत होते.

तुमच्याबाबतीत झालंय का असं? तुमच्या भल्यासाठी म्हणून कुणी तुम्हाला सगळ्या वर्गासमोर उघडं पाडलंय? मग दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत गेलात का?