नांगराला तेल

मासळीची पाटी डोक्यावर चढवण्याआधी रेजीनबाय रोज सकाळी कोपेलात जायची.

डोंगरीच्या उताराखाली, समुद्राकडे तोंड करून बांधलेलं ते कोळीवाडीचं लहानसं प्रार्थनाघर. दार कधी धड न लागणारं, भिंतींना खाऱ्या वाऱ्याने पोपडे आलेले. आत वेदीवर संत फिलोमेना. हातभर उंचीची, गुलाबी गालांची, एका हातात बाण धरलेली. आणि पायाशी होडीचा असतो तसा, बोटभर लांबीचा लोखंडी नांगर. रेजीनबाय कमरेला खोचलेली बाटली काढायची, खोबरेलात बोट बुडवायची आणि तो नांगर चोळायची. ना मेणबत्ती, ना गुडघे टेकणं. नांगर काळाभोर चमकला की उरलेलं तेल केसांना पुसून ती बाहेर पडायची. मग पाटी, मग भाईंदरच्या बाजाराची वाट.

“देवाला जातं का नांगराला?” शेजारणी चिडवायच्या.

“देव गंजत न्हाय,” ती म्हणायची. “नांगर गंजतो.”

फिलोमेनेची गोष्ट वाडीतल्या पोरांना पाठ होती, कारण ती रेजीनबाय सांगायची. जाळी विणत, दोरा दातांत धरत, जणू कालच घडलेली. “राजाची पोर व्हती. बादशा म्हनला, लगीन कर माज्याशी. ही म्हनली, न्हाय. तुरुंगात टाकली. आता? न्हाय. गल्यात नांगर बांदून नदीत लोटली. देवाच्या दूतांनी वरच्यावर दोर कापला, नांगर गेला खाली नि ही कोरडी ठाक वर. बाण मारले, बाण फिरून मारनाऱ्यांवर. शेवटी मान कापली.”

“म्हंजे हरली,” एखादं पोर म्हणायचंच.

“शेवटपरत न्हाय म्हनत गेली. हरली कशी? लगीन झालं का बादशाचं?”

ज्या वाडीतल्या प्रत्येक होडीवर नांगर होता आणि प्रत्येक घरात दोराची भीती, त्या वाडीने हीच संतीण आपली म्हणून का धरली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. अकरा ऑगस्टला तिचा सण. पावसाळाभर किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या होड्या त्याच सुमाराला पुन्हा पाण्यात उतरायच्या, आणि उतरण्याआधी तिच्यासमोरून जायच्या.

रेजीनबायला मात्र तिच्याशी वेगळाच हिशेब होता. तिचा नवरा बस्त्याव हा पास्कू तांडेलाच्या होडीवर खलाशी. एकदा नांगर टाकताना दोराचा वेढा त्याच्या घोट्याभोवती बसला. नांगर गेला, त्याच्यामागे बस्त्याव गेला. खलाशांनी दोर ओढला तो हलका लागला, तुटलेला. सगळ्यांनी क्रुसाची खूण केली. आणि होडीच्या दुसऱ्या बाजूला बस्त्याव खोकत वर आला, घोट्याला दोराचा तुकडा तसाच.

“दोर कुजका व्हता,” तो सगळ्यांना सांगायचा.

“कुजका व्हता तं खेपभर कसा टिकला?”

“कुजका दोर कदीतरी तुटनारच गो.”

“मग तू खाली असतानाच कसा तुटला?”

यावर बस्त्याव विडी पेटवायचा. रेजीनबायने पास्कूच्या होडीतून निघालेला जुना खिळा मागून घेतला आणि लोहाराकडून त्याचा नांगर ठोकून आणला. मूर्तीच्या पायाशी असलेला मूळचा नांगर प्लास्टरचा होता, तो कधीच झिजून गळून पडला होता. नांगराशिवाय ती रस्त्यावरची कोणी पण बाय दिसते, असं रेजीनबायचं म्हणणं. तेव्हापासून तेल सुरू झालं.

एकसष्ट साली, सणाला चार महिने राहिले असताना, नवे फादर रविवारच्या मिसाच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, शेवटी वेदीपुढे थांबले. तरुण होते, नुकतेच सेमिनरीतून आलेले, मृदू बोलायचे. ते म्हणाले, रोमहून आज्ञा आली आहे. संत फिलोमेना हे नाव सणांच्या यादीतून काढलं आहे. तिच्या जीवनाचा खात्रीचा पुरावा इतिहासात सापडत नाही. यापुढे अकरा ऑगस्टला सणाची मिसा होणार नाही. पास्कू तांडेलांनी उदार मनाने संत आंतोनची नवी मूर्ती मुंबईहून आणली आहे. ती वेदीवर बसवू, आणि जुनी मूर्ती चर्चच्या कोठीत आदराने ठेवू.

मग बायकांच्या बाजूने लाल लुगडं उभं राहिलं.

“फादर, पुरावा म्हंजे काय?”

“रेजीनबाई, बसा. आपण नंतर बोलू.”

“बस्त्याव, ऊठ. पाय दाखव.”

पुरुषांच्या बाजूला बस्त्यावने मान खाली घातली. “मिसात?”

“येशूनं पुरावा मागनाऱ्या थोमाला कुशीची जखम दाखवली ती काय बाजारात दाखवली? दाखव.”

बस्त्याव उठला. विजार वर केली. घोट्याभोवती दोराचा पांढरा वळ बांगडीसारखा दिसत होता. मागून कुणीतरी हसलं. मग चारपाच जण हसले. फादरांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काही हललं, पण ते लगेच गंभीर झाले.

“आज्ञा पाळणं हीसुद्धा भक्तीच असते, बाई.”

“तिला पन बादशानं आज्ञाच दिलती,” रेजीनबाय म्हणाली आणि बसली.

सोमवारी भर दुपारी ती कोपेलात गेली. मासळीची पाटी धुऊन, आत स्वच्छ लुगडं अंथरून आणली होती. फिलोमेनेला तिने पाटीत आडवं निजवलं, नांगर कुशीला ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि वाडीच्या मधल्या वाटेने चालत निघाली. पास्कू तांडेल आपल्या अंगणात दोर वळत बसला होता. मोठा माणूस, दोन होड्यांचा मालक, वाडीच्या पंचांचा मुख्य.

“वैनी, काय नेता?”

“दिसत न्हाय? पाय भायेर आलेत.”

“ही चोरी हाय.”

“चोरी असती तं रातची नेली असती, पास्कूभाव. मी तुमच्या दारावरनं नेतंय.”

संध्याकाळी पंच बसले. मूर्ती परत येत नाही तोवर रेजीनच्या घरी लग्न असो, मयत असो, वाडीने जायचं नाही, असं ठरलं. पास्कूने बस्त्यावला होडीवरून उतरवलं. बस्त्याव घरी आला, कोनाड्यात बसवलेल्या फिलोमेनेकडे बघत टेकला.

“आता हिला खायला कोन घालील?” तो म्हणाला.

“तुला वाटतं का देऊन टाकावी?”

त्याने घोटा खाजवला. “मी कंदी बोललो? मी म्हंतो, दोर कुजका व्हता. इतकंच.”

दुसऱ्या एका लहान होडीवर त्याला काम मिळालं, पण ती रोज समुद्रात जात नसे. रेजीनबाय सुकट जास्त करू लागली. सुकटीला मीठ लागायचं. ते जवळच्या मोरवा गावच्या गोदूबाईकडून यायचं. गोदूबाईच्या घरची माणसं मिठागरावर राबत, आणि मीठ देऊन सुकट न्यायची दोघींची जुनी देवघेव. गोदूबाईने त्या वर्षी मिठाची टोपली दारात ठेवली आणि कोनाड्याकडे बघून कपाळाला हात लावला.

“हिला काढली म्हनं तुमच्या देवलातनं?”

“काढली न्हाय. मी आनली.”

“बरं केलं. म्हायेरी ऱ्हाईल. पन सन कोन करील? तुमचा फादर तं न्हाय म्हनतो.”

रेजीनबायने टोपलीतलं मीठ मुठीने मडक्यात भरायला सुरुवात केली. मीठ भरता भरता तिचा हात थांबला.

“लादीनीला फादर कंदी लागला गो?”

मे महिन्यात वाडीतल्या क्रुसांपुढे संध्याकाळी लादीन म्हणायचे. संतांची नावं एकेक करून घ्यायची, आणि प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी उत्तर द्यायचं, ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. शब्द लॅटिन, सूर वाडीचा. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी साथ द्यायची. त्याला ना वेदी लागत होती, ना फादर. पणज्यांपासून चालत आलेली ही रीत कुणी देऊ केलेली नव्हती, म्हणून कुणाला काढून घेताही येत नव्हती.

अकरा ऑगस्टला दिवस कलताना रेजीनबायने फिलोमेनेला ओसरीवर, उपड्या पाटीवर बसवलं. बोंडवीच्या झाडाची फुलं, दोन मेणबत्त्या. अंगणात चटया अंथरल्या. कुणी आलं नाही. समोरच्या घरांची दारं ओढलेली होती. पंचांनी घरोघर निरोप पाठवला होता.

“चटया उगाच धुतल्या,” बस्त्याव म्हणाला.

“तू बस एकीवर.”

ती म्हणू लागली. बस्त्याव उत्तर देऊ लागला. बस्त्यावचा आवाज म्हणजे वाळूत ओढलेली होडी. तेवढ्यात गोदूबाई आली, हातात नारळ, घामाने थबथबलेली. मोरव्याहून चालत आली होती. ती दुसऱ्या चटईवर बसली. मे महिन्यात येता-जाता क्रुसापाशी थांबून ऐकलेलं तिला थोडं येत होतं. बस्त्यावच्या उत्तरात तिने आपलं उत्तर घातलं: “वरा पुरो नोबी.” बस्त्यावला हसू फुटलं, आणि रेजीनबायने म्हणता म्हणताच त्याच्याकडे असं पाहिलं की ते जागीच विझलं.

संतांची नावं पुढे जात राहिली. पेद्रू. पावलू. जुवांव. मध्येच रेजीनबायच्या लक्षात आलं की उत्तर जरा मोठं येतंय. तिने मान वळवली नाही. पुढचं नाव घेतलं. उत्तर डावीकडच्या ओढलेल्या दारामागून आलं. त्याच्या पुढच्या घरातून आलं. चुलीपाशी बसलेल्या, पोर पाजणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या बायका आपापल्या घरातूनच म्हणत होत्या. उंबरा कुणी ओलांडला नव्हता. पंचांनी जायला बंदी केली होती. घरात बसून देवाचं नाव घ्यायला कोण बंदी करणार? शेवटची विनंती रेजीनबायने मुद्दाम सावकाश म्हटली. यादीतून काढलेलं नाव तिने घेतलं, आणि सगळी वाडी भिंतीआडून म्हणाली, ओरा प्रो नोबिस.

पास्कू तांडेलाच्या घरातूनही एक बारीक आवाज आला, असं गोदूबाई मोरव्याला जाऊन सांगायची. त्याची बायको होती म्हणे.

पुढल्या वर्षी बायका ओसऱ्यांवर बसून म्हणू लागल्या. त्याच्या पुढल्या वर्षी अंगणात आल्या. धुतलेल्या चटया कमी पडल्या. पंचांची बंदी कुणी उठवली नाही. ती रेजीनबायच्या मुलाच्या लग्नात आपोआप मोडली, कारण फुगे, म्हणजे लग्नाचे मैद्याचे गोळे, तळायला सगळ्या बायका पहाटेच येऊन बसल्या, आणि मग पुरुषांना घरी उपाशी राहणं जमलं नाही. कोपेलात मात्र वेदीवर संत आंतोनच होता. रेजीनबाय रविवारी मिसाला जायची, आंतोनला हात जोडायची. “त्याचा काय दोष?” म्हणायची. आणि रोज सकाळी तेल लावायची, आता आपल्याच कोनाड्यात.

त्र्याहत्तर साली कोपेलाचं छप्पर कोसळलं. नवं बांधायचं ठरलं. पुरुष भिंती उभारणार, आणि वाळू, पाणी बायका आणणार. वाडीत कुठलंही बांधकाम असंच व्हायचं. पहिल्या सकाळी बायका पाट्या घेऊन आल्या. गवंड्याने पायाची दोरी धरली.

“वेदी हितं,” पास्कू म्हणाला. तो आता म्हातारा झाला होता. “आंतोनचा कोनाडा हितं.”

“नि फिलोमेनेचा?” त्याच्या बायकोनेच विचारलं.

पास्कूने गवंड्याला पुढची खूण दाखवली. तिने डोक्यावरची पाटी उतरवली, जमिनीवर उपडी घातली आणि वर बसली. तिच्याशेजारी दुसरी बसली. मग सगळ्या. रेजीनबाय मागे उभी होती. तिने आपली पाटी सगळ्यांत शेवटी उपडी घातली.

दुपारपर्यंत वाळूचा कण आला नाही. फादरांना बोलावणं गेलं. पूर्वीचे तरुण फादर बदलून गेले होते. हे पिकल्या केसांचे, दम लागणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ पुसत म्हणाले, “रोमने सण काढला. भक्ती काढली नव्हती. घरात, कोपेलात, कोपऱ्यात ती ठेवायला तेव्हाही हरकत नव्हती. मिसा होणार नाही. कोनाडा करा.”

सगळ्यांनी रेजीनबायकडे पाहिलं. ती फादरांचे हात धरील, रडेल असं त्यांना वाटलं असावं.

“हे बारा वर्सांपूर्वी सांगायचं व्हतं, फादर,” ती म्हणाली. पाटी उचलून किनाऱ्याकडे चालू लागली. वाळू आणायला.

कोपेल उभं राहिल्यावर पंच बँड घेऊन तिच्या दारात आले, मूर्ती न्यायला. फुलांनी सजवलेली पालखी होती. पास्कू पुढे होता.

“वैनी, बसवा हिच्यात.”

“पालखी आंतोनला ठेवा. ही पाटीतनं आली, पाटीतनंच जाईल.”

“वैनी, बँड हाय.”

“बँड वाजवा की. माझी कुठं ना हाय?”

म्हणून बँड पुढे, रिकामी पालखी मध्ये, आणि मागे डोक्यावर पाटी घेतलेली रेजीनबाय, अशी ती मिरवणूक त्याच मधल्या वाटेने गेली. या वेळी पाय बाहेर दिसत नव्हते. मूर्ती उभी होती, बस्त्याव मागून एका हाताने तिला धरून चालत होता. वेदीच्या उजवीकडच्या कोनाड्यात, समुद्र दिसेल अशा बेताने, तिला ठेवली. नांगर रेजीनबायने स्वतः ठेवला.

पुढे तिचे गुडघे गेले. बस्त्याव तिच्या आधी गेला. अखेरपर्यंत दोर कुजकाच होता असं म्हणत, आणि शवपेटीत घोट्यावर नांगर काढलेलं सांतिन्य, म्हणजे संतिणीचं छोटं चित्र, ठेवा असंही सांगून. बाजाराची पाटी सुनेने, सेलिनने घेतली, आणि सकाळचं तेलही. रेजीनबाय ओसरीवर बसून ती कोपेलाकडे वळते की नाही, ते बघायची. एकोणऐंशी सालच्या ऑगस्टात, होड्या पाण्यात उतरल्या त्या आठवड्यात, सेलिन अशीच निघाली होती. बाटली पाटीत ठेवत होती. दुपारी ती परत आली तेव्हा सासू ओसरीवर भिंतीला टेकून निजल्यासारखी होती, आणि शेजारणी जमल्या होत्या. सकाळी सेलिन उंबऱ्यात असताना म्हातारीने मागून हाक मारली होती ती शेवटची, नेहमीसारखीच, जरा कावून:

“सेलिन, बाटलीचं बूच नीट लाव गो. सांडलं तं मासळीला वास लागंल.”